तेलावरचा ताण

नगरने देशाला जी दुचाकी दिली, तिच्यात टायमिंग चेन नव्हतीच. लूना १९७२ साली बाजारात आली. कायनेटिक इंजिनिअरिंग ही तिची कंपनी, संस्थापक हस्तीमल फिरोदिया, आणि फिरोदिया घराणे मूळ नगरचे. लूनाचे इंजिन ५० सीसीचे, टू-स्ट्रोक. अशा इंजिनात सिलिंडरच्या भिंतीतली भोके पिष्टनच उघडतो आणि पिष्टनच झाकतो. व्हॉल्व्ह नाहीत, त्यामुळे ते उचलणारा कॅम नाही, आणि कॅम फिरवणारी चेनही नाही. त्या काळात जिल्ह्यात दिसणाऱ्या राजदूत, येझदी आणि चेतक याच जातीच्या. बुलेट तेवढी फोर-स्ट्रोक. पण तिचा कॅम खाली, क्रँकच्या शेजारी, गिअरांवर फिरायचा आणि व्हॉल्व्ह उचलण्याचे काम लांब सळ्या करायच्या. माळीवाड्यात किंवा स्टेशन रोडला काम शिकलेला मिस्त्री टायमिंग चेन हातात न धरता म्हातारा होऊ शकत होता.

हे बदलले १९८५ पासून. त्या वर्षी हिरो होंडाची सीडी १०० आली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर जपानी तंत्राच्या १०० सीसी गाड्या एकापाठोपाठ एक भारतात उतरल्या. इंड-सुझुकी, यामाहा आरएक्स १००, कावासाकी बजाज केबी १०० या सगळ्या टू-स्ट्रोक होत्या, फोर-स्ट्रोक फक्त सीडी १००. तिचे ९७.२ सीसीचे इंजिन जवळजवळ आडवे झोपलेले, सिलिंडरचे तोंड पुढच्या चाकाकडे. होंडाच्या १९५८ सालच्या सुपर कबच्या घराण्यातले हे इंजिन. सुरुवातीच्या कबमध्येही बुलेटसारख्या सळ्याच होत्या. साठच्या दशकाच्या मध्यावर होंडाने कॅम उचलून सिलिंडरच्या डोक्यात नेला आणि त्याला फिरवायला आतून चेन दिली. जपानमध्ये वीस वर्षे मुरलेली ती चेन आपल्याकडे आली तेव्हा मात्र कोरी होती. १९९१ मध्ये कावासाकी बजाजची फोर-एस चॅम्पियन आली, १९९४ मध्ये स्प्लेंडर. २००० सालच्या प्रदूषण मानकांनंतर टू-स्ट्रोक मोटारसायकली झपाट्याने मागे पडल्या. आज नगरच्या मार्केट यार्डाबाहेर लावलेल्या गाड्यांच्या रांगेवर नजर टाका, जुन्या बुलेट सोडल्या तर बहुतेक प्रत्येकीच्या पोटात ही चेन फिरते आहे.

‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’ ही हिरो होंडाची जाहिरात खूप गाजली. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. गाडी त्या बोलाला जागली, म्हणून तर ती वाडीवस्तीपर्यंत पोचली. पण विसरण्यात तेलही विसरले गेले, आणि जुन्या इंजिनातली टायमिंग चेनची बहुतेक दुखणी तिथून सुरू होतात. चेनचा ताण बसवण्याबद्दल मला जे सांगायचे आहे ते एवढेच, की या इंजिनात ताण पान्यावर नाही, तेलावर आहे. पाना शेवटी लागतो.

आधी चेनचे काम पाहू. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्या होतात तेव्हा कॅमची एक व्हायला हवी. म्हणून क्रँकवरच्या चाकीला जेवढे दात, त्याच्या बरोबर दुप्पट कॅमवरच्या चाकीला. क्रँकवर १४ आणि कॅमवर २८ दात धरले आणि मध्ये ८४ कड्यांची चेन धरली, तर क्रँकच्या दर सहा फेऱ्यांना चेनची एक फेरी होते. गाडी रस्त्याला लागून इंजिन मिनिटाला ५,००० फेऱ्या मारत असेल, तर चेन सेकंदाला जवळजवळ चौदा वेळा पूर्ण फिरते आणि प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला चाळीसहून अधिक वेळा उघडतो, मिटतो. नगरहून शिर्डीला जाऊन येईपर्यंत हे अखंड चालू असते आणि बाहेर त्याचा मागमूस नसतो. मागच्या चाकाची चेन डोळ्यांना दिसते, धूळ खाते, तिला तेल मिळते, शिव्याही मिळतात. आतली चेन आवाज करेपर्यंत कुणाला आठवत नाही.

चेन ‘ताणली’ असे आपण म्हणतो तेव्हा पोलाद ताणलेले नसते. प्रत्येक कडीच्या जोडात एक बारीक पिन असते आणि तिच्याभोवती नळी. या दोघी एकमेकींवर घासतात. एका जोडात मिलिमीटरचा शंभरावा भाग झिजला, तर तो कुठल्याच हाताला कळणार नाही. पण ८४ जोडांत मिळून ०.८४ मिलिमीटर लांबी वाढते, आणि एका कडीचे माप सव्वासहा मिलिमीटरच्या आसपास असताना ही वाढ थोडी नाही. ओढ घेणारी बाजू लांबली की कॅम क्रँकच्या किंचित मागे पडतो आणि व्हॉल्व्ह उशिरा उघडू-मिटू लागतात. गाडीची चाल मंदावते, ॲव्हरेज उतरते. मालक पेट्रोल पंपाला दोष देतो, नाहीतर कार्बोरेटर खोलायला लावतो. झीज याहून पुढे गेली की सैल चेन दातावरून उडी मारू शकते. २८ दातांच्या चाकीवर एक दात सरकणे म्हणजे कॅमचा सुमारे १३ अंशांचा फरक, आणि क्रँकच्या मोजणीत त्याच्या दुप्पट, जवळजवळ २६ अंश. मग किक मारून पाय दुखतात, सायलेन्सरमधून फटाके वाजतात, गाडी उठत नाही. त्यापुढे चेन तुटणे किंवा व्हॉल्व्ह पिष्टनला भिडून वाकणे हेही घडते, आणि मिस्त्री ‘हाफ इंजिन’ म्हणतात तेवढ्यावर, म्हणजे फक्त डोके आणि सिलिंडर खोलण्यावर, काम निभावले तर मालकाचे नशीब.

झिजणारी चेन आपोआप ताणात राहावी यासाठी चेनच्या सैल बाजूला एक रोलर टेकवलेला असतो. रोलर एका हातावर बसतो. त्या हाताला खालून एक पुश रॉड रेटतो आणि रॉडच्या मागे स्प्रिंग असते. इतपत कुणालाही समजते. खरी मेख पुढे आहे. नुसती स्प्रिंग असती, तर चेनच्या प्रत्येक झटक्यासरशी रॉड मागेपुढे नाचत राहिला असता. म्हणून रॉड तेलात ठेवला आहे आणि तेलाला एका बाजूनेच वाट आहे. रॉड पुढे सरकतो तेव्हा तेल मागच्या जागेत सहज शिरते. चेन त्याला मागे ढकलू पाहते तेव्हा ते तेल तितक्या सहज बाहेर पडत नाही, आणि रॉड जागेवर टिकतो. स्प्रिंग ताण देते, तो धरून ठेवते तेल. तेल कमी असेल, पाण्यासारखे पातळ झाले असेल किंवा गाळाने वाट बुजली असेल, तर स्प्रिंग कोरी असूनही चेन वाजते.

दुसरी गोष्ट अनेक वर्षे गाडी चालवणाऱ्यांनाही माहीत नसते. या आडव्या होंडा इंजिनात तेलाचा पंपही टायमिंग चेनच फिरवते. चेनच्या वाटेत खाली आणखी एक दातेरी चाकी असते आणि तिचा दांडा थेट पंपापर्यंत जातो. चेनला तेल हवे, तेल चढवणाऱ्या पंपाला चेन हवी, आणि चेनचा ताण धरणाऱ्या रॉडला पुन्हा तेल हवे. इतक्या छोट्या इंजिनात एवढे एकमेकांवर अवलंबून ठेवणाऱ्या त्या जपानी इंजिनिअरांच्या बुद्धीचे मला मनापासून कौतुक वाटते. पण याच रचनेमुळे तेलाची हयगय एका जागी थांबत नाही, फिरून सगळीकडे पोचते. इंजिनात मावते लिटरभराहूनही कमी तेल. त्यातले पावशेर उडाले तरी हिशेब बिघडतो.

आता आपला जिल्हा पाहा. पहाटे चार-साडेचारला दूधवाला निघतो. मागे दोन्ही अंगांना ॲल्युमिनियमचे कॅन, कधी सीटवर तिसरा. राहुरी, संगमनेर, पारनेर, श्रीगोंदा, तालुका कुठलाही घ्या, हे चित्र सगळीकडे एकच. तो प्रत्येक गोठ्यापुढे थांबतो आणि गाडी बंद करत नाही, कारण पुन्हा किक कोण मारणार! स्लोवर उभ्या इंजिनात पंप सावकाश फिरतो, तेलाचा जोर कमी असतो, आणि एकाच सिलिंडरचे इंजिन दर ठोक्याला चेनला हिसका देत राहते. फेरी लहान, ओझे जड, थांबे पुष्कळ, रस्ता मातीचा. एअर फिल्टरचा फोम फाटला असेल तर तीच माती पिष्टनमार्गे तेलात उतरते. दिवसाकाठी किलोमीटर थोडेच दिसतात म्हणून तेल बदलायची आठवण होत नाही, पण इंजिन मात्र तासन्‌तास चाललेले असते. अशा गाडीचे तेल किलोमीटरवर बदलूच नये, महिन्यांवर बदलावे. दूधवाल्याने दर दोन महिन्यांनी तेल बदलले, तर ते जास्त झाले असे मी म्हणणार नाही.

गाडी गॅरेजात येते ती तक्रार घेऊन. “मामा, गाडी लय वाजतीय.” शहाणा मिस्त्री यावर लगेच पाना उचलत नाही. आवाज गार असताना येतो की तापल्यावर, हे तो आधी विचारतो. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी पहिले काही क्षण खळखळ झाली आणि तेल चढल्यावर थांबली, तर घाबरण्यासारखे काही नाही. तापल्यावरही थांबत नसेल तर चेनकडे संशय वळतो. मग तो गाडी स्लोवर ठेवून डाव्या अंगाला बसतो, कारण या इंजिनात मॅग्नेट आणि टायमिंग चेन दोन्ही डाव्या बाजूला. एक्सिलेटर थोडा उघडून एकदम सोडतो. रेस उतरताना खळखळ वाढली, तर ती चेनची खूण. पाथर्डी रस्त्याला करंजी घाट उतरताना गाडी गिअरवर रोखली की हाच आवाज मांडीखाली ऐकू येतो. त्या वेळी इंजिन चाकाला ओढत नसते, चाक इंजिनाला ओढत असते, आणि चेनचा सैलपणा उघडा पडतो.

फसवणारे आवाजही पुष्कळ. टॅपेटची टिकटिक शिलाई मशीनसारखी एकसुरी असते, डोक्याच्या झाकणातून येते आणि रेसबरोबर नेमकी वाढते. क्लचची खडखड उजव्या बाजूची, क्लच दाबला की बदलते किंवा थांबते. पिष्टन झिजला असेल तर ओझ्यावर, चढाला ठकठक येते. सायलेन्सरची पत्री सुटली तरी लोक इंजिन खोलायला निघतात. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून ऐकण्याची रीत जुनीच आहे आणि आजही तिला तोड नाही. टोक आधी डोक्याच्या डाव्या गोल झाकणाला लावायचे, मग सिलिंडरच्या डाव्या कडेला, मग मॅग्नेटच्या झाकणाला, आणि शेवटी उजवीकडे क्लचवर. आवाज जिथे मोठा, तिथे दुखणे. हे शिकवून येत नाही. शेजारी बसून शंभर गाड्या ऐकाव्या लागतात. नगरच्या गॅरेजांत पोऱ्या म्हणून लागलेली मुले ती अशीच ऐकत मोठी होतात.

चेन वाजते हे पक्के झाले, तरी डोके खोलायची घाई नको. पहिले काम तेलाचे. इंजिन तापवून जुने तेल सोडायचे आणि ते बोटावर घेऊन पाहायचे. काळे असणे हा गुन्हा नाही. चिमटीत कचकच लागली किंवा उन्हात धरल्यावर बारीक चकाकी दिसली, तर आत धातू झिजतो आहे. सीडी १०० आणि स्प्लेंडरच्या या इंजिनात कागदी फिल्टर नसतो. तळाला एक जाळी असते आणि उजव्या बाजूला क्रँकच्या टोकावर एक गोल वाटी. वाटी क्रँकबरोबर गरगर फिरते आणि तेलातला जड गाळ बाहेरच्या कडेला फेकून धरून ठेवते. तिच्यापर्यंत पोचायला क्लचकडचे झाकण काढावे लागते, म्हणून साध्या सर्व्हिसिंगमध्ये तिला कुणी हात लावत नाही. वर्षानुवर्षे न उघडलेल्या वाटीचे झाकण निघते तेव्हा आत काळ्या मेणाचा घट्ट थर बसलेला दिसतो. तो स्क्रू ड्रायव्हरने खरवडावा लागतो. वाटी भरली की पुढचा गाळ तेलाबरोबर सगळीकडे फिरतो, आणि पुश रॉडची ती बारीक वाटही त्याला चुकत नाही.

त्यानंतर टेन्शनर, म्हणजे चेनला ताण देणारी ती स्प्रिंग आणि पुश रॉड. इंजिनाच्या पोटाखाली, डाव्या बाजूला, एक जाडसर बोल्ट असतो. खाली ताटली ठेवून तो सावकाश सोडायचा. स्प्रिंग खाली येते आणि तिच्या मागून पुश रॉड. इथे तीन गोष्टी बघायच्या. स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी उभी करून लांबी ताडायची, आखूड दिसली तर बदलायची. रॉडच्या टोकाचे रबर नखाने दाबायचे. ते दगडासारखे झाले असेल किंवा त्याचा टवका उडाला असेल, तर नुसती स्प्रिंग बदलून उपयोग नाही. आणि रॉड पेट्रोलमध्ये धुऊन, फुंकर मारून त्याची वाट मोकळी आहे ना ते पाहायचे. बसवताना रॉड तेलात बुडवून, जागा तेलाने भरून बसवायचा. हे शेवटचे काम धांदलीत हमखास राहते. कोरडा बसवलेला रॉड गाडी सुरू होताच खळखळतो, आणि नवे सामान घालूनही आवाज कसा, म्हणून मालक मिस्त्रीवर चिडतो. बोल्टाखालचे वायसर नवे टाकायचे, नाहीतर तिथून तेल झिरपून आठ दिवसांत सगळी मेहनत रस्त्यावर.

बऱ्याच गाड्या एवढ्यावर शांत होतात. नाही झाल्या तर मात्र टायमिंग किट. चेन, रोलर, चाक्या, रॉड हे एकत्रच बदलावे. जुन्या दातांवर नवी चेन घातली तर ते दातच तिला लवकर खातात. डोक्याचे डावे गोल झाकण काढायचे, मॅग्नेटच्या नटाला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने, डावीकडून पाहता उलट्या काट्याने, फिरवायचे. मॅग्नेटवरची ‘टी’ खूण इंजिनाच्या खुणेसमोर आली की कॅमच्या चाकीवरची ‘ओ’ खूण डोक्यावरच्या खाचेला जुळली पाहिजे. जुळली तर पिष्टन वर आणि दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले. जुनी चेन काढण्याआधी या खुणा किती ढळल्या आहेत ते डोळ्यांनी पाहून ठेवावे. ‘टी’ जागेवर असताना ‘ओ’ खाचेपासून थोडी बाजूला दिसते, तेव्हा चेन किती लांबली याचा पुरावा समोर असतो, आणि मालकाला बोलावून तो दाखवावा. नवी चेन बसली की इंजिन हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून खुणा पुन्हा जुळतात का ते पाहायचे. फिरवताना कुठे अडले तर जोर लावायचा नाही. अडले म्हणजे व्हॉल्व्ह पिष्टनला लागला असण्याची शक्यता. थांबून पुन्हा खुणा पाहायच्या. शेवटी टॅपेट, तेही इंजिन थंड असतानाच. चेन नवी झाली की जुने टॅपेटचे माप तसेच राहील असे समजू नये.

आवाज दाबायचे उपाय बाजारात बरेच आहेत आणि ते मला मुळीच पटत नाहीत. स्प्रिंगच्या मागे एक-दोन वायसर घालून तिला जोर द्यायचा, हा सर्रास चालणारा उपाय. दोन दिवस गाडी गप्प होते. पण रोलर आता चेनवर जादा जोराने दाबला जातो, त्याचे रबर सोलपटते, आणि सोललेले तुकडे खालच्या जाळीत जाऊन अडकतात. जाळी तुंबली की पंपाला तेल कमी आणि डोक्यातला कॅम कोरडा. दुसरा उपाय जाड तेलाचा. कंपनीने सांगितलेल्यापेक्षा जाड तेल घातले की खळखळ दबते. जुनी गाडी विकायच्या आधी असे हमखास करतात. ऊसतोडीला जाणारे पाथर्डी-शेवगावचे मजूर हंगामाच्या तोंडावर जुनी गाडी घेतात, कारखान्याच्या तळावर पोचेपर्यंत ते तेल पातळ होते आणि आवाज परत येतो. तिथे ना घरचा मिस्त्री, ना हाती रोख. म्हणून जुनी गाडी घेताना ती थंड असतानाच बघायला जावे. मालकाने आधीच तापवून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी यावे. तेलाची काडी काढून तेल बोटावर घ्यावे, डाव्या बाजूला बसून पहिली किक ऐकावी, आणि उताराला गिअर न काढता एक्सिलेटर सोडून पाहावा.

पुढच्या पिढीतल्या बऱ्याच गाड्यांत, म्हणजे पल्सर किंवा युनिकॉर्नसारख्या उभ्या सिलिंडरच्या इंजिनांत, टेन्शनर सिलिंडरच्या मागे बाहेरून बसवलेला असतो. त्याच्या आत पेच आणि पिळाची स्प्रिंग असते. तो पुढे सरकतो, मागे येत नाही. काढायचा असेल तर शेपटीचा छोटा बोल्ट सोडून, बारीक स्क्रू ड्रायव्हर घालून पेच आत फिरवायचा आणि तसाच धरून बोल्ट सोडायचे. टेन्शनर बाहेर काढल्यावर इंजिन फिरवणे धोक्याचे, कारण सैल चेन दात सोडते. बसवल्यावर स्क्रू ड्रायव्हर काढला की तो स्वतःच चेनला जाऊन टेकतो. त्याला बाहेरून ठोकून पुढे सरकवण्याची सवय काहींना आहे. त्याने चेन वाजवीपेक्षा घट्ट होते आणि या इंजिनांत रोलरच्या जागी असलेली प्लॅस्टिकची पट्टी खाऊन टाकते.

सामानाबाबत एक सांगतो. मार्केटमध्ये टायमिंग किट अनेक भावांत मिळते, आणि स्वस्त किटमधली चेन दिसायला सारखीच असते. फरक बहुतेक वेळा रोलरमध्ये निघतो. चांगल्या रोलरचे रबर लोखंडी गाभ्याला एकजीव चिकटलेले असते आणि नखाने दाबले तर थोडे दबून परत येते. हलक्या रोलरला कडेला फट दिसते. काउंटरवरच खोक्यातून काढून पाहायला दुकानदार नाही म्हणत नाही. घरी आणून बसवल्यावर कळण्यात अर्थ नाही, कारण इंजिन उघडण्याची मजुरी किटच्या किमतीपेक्षा जास्त असते.

किट बदलल्यावर पहिले तेल लवकर सोडावे, पाचशेएक किलोमीटरवर. नव्या दातांची बारीक किसणी त्यात उतरलेली असते. त्याच वेळी जाळी काढून पाहावी. तिच्यात रबराचा तुकडा सापडला तर तो नव्या रोलरचा आहे की जुन्याचा राहिलेला, हे मिस्त्रीला दाखवून ठरवावे, आणि नव्याचा असेल तर रोलर त्याच दिवशी बदलून घ्यावा.